गुलामांनी स्वतः लिहिलेलं मराठीत आणा

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. आपल्या विभागाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं फुल्यांचं समग्र वाङ्मय छापलं, म्हणून ती अर्पणपत्रिका घरोघरी पोचली. मी हायस्कुलात तीस वर्षं शिकवलं, ती परीक्षेतही विचारली. पण जे सुटले ते स्वतः काय सांगतात, हे मी साठी उलटल्यावर वाचलं. तेही इंग्रजीत.

आता शनिवारी आमच्या गावच्या वाचनालयात मुलांना वाचून दाखवतो. इंग्रजी पुस्तक समोर धरायचं आणि मराठीत सांगत जायचं. मध्यंतरी हॅरिएट जेकब्ज घेतली. नॉर्थ कॅरोलिनातली ही बाई मालकाच्या जाचातून पळाली आणि आजीच्याच घरात, छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंची जिथं सर्वांत जास्त तिथं तीन फूट. मी खडूनं फरशीवर आखलं. पोरं हसत हसत आत जाऊन बसली. मग दोघांनी वर सतरंजी ताणून धरली आणि म्हटलं, आता कूस बदला. हसू थांबलं. तिला तिथं एक गिरमिट सापडलं. त्यानं तिनं फळीला ओळीनं भोकं पाडली आणि मधली लाकडं कोरून इंचभर खिडकी केली. त्यातून तिला खाली रस्त्यावर स्वतःची मुलं दिसायची. हाक मारता येत नव्हती.

आमच्यातला एक मुलगा आजीकडे राहतो. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यानं विचारलं, "सर, तिनं उचल घेतली होती का?"

नाही म्हटलं, ती जन्मापासूनच दुसऱ्याच्या मालकीची होती. पण महोदय, गुलामगिरीवर मी आजवर वाचलेल्या कुठल्याही प्रस्तावनेत इतका नेमका प्रश्न नव्हता. तो प्रश्न मूळ हकिगत ऐकल्यामुळे आला. मी 'अमेरिकेतील गुलामगिरीची कारणे व परिणाम' सांगत बसलो असतो तर त्यानं जांभई दिली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

या हकिगतींत काय सांगितलंय याइतकंच काय सांगितलेलं नाही हेही वाचावं लागतं. फ्रेडरिक डग्लस १८३८मध्ये बाल्टिमोरहून पळाला. १८४५च्या आत्मचरित्रात तो मालकाचं नाव, चाबूक, उपासमार, सगळं लिहितो. पळालो कसा, हे मात्र सांगत नाही. सांगितलं तर मदत करणारे अडकतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बुजेल. खलाशाचा वेश, दुसऱ्याचे उसने कागद, आगगाडीतला तो प्रवास, हे त्यानं सविस्तर छापलं ते थेट १८८१च्या पुस्तकात, गुलामगिरी कायद्यानं संपून सोळा वर्षं झाल्यावर.

आणि एलन क्राफ्ट! रंगानं गोरी, म्हणून १८४८च्या डिसेंबरात तिनं पुरुषाचा वेश केला आणि आजारी जमीनदार होऊन जॉर्जियातून निघाली. नवरा विल्यम तिचा 'नोकर'. वाटेत हॉटेलच्या वहीत सही करावी लागणार आणि हिला तर अक्षर येत नाही. म्हणून उजवा हात झोळीत बांधला. अंगठा उठवणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला या झोळीवर टीप लागणार नाही. नाताळच्या दिवशी दोघं फिलाडेल्फियाला पोचली.

माझी मागणी साधी आहे. मंडळानं अशी चार-पाच आत्मकथनं संपूर्ण, सारांश न करता, मराठीत आणावीत आणि मंडळाच्या नेहमीच्या स्वस्त किमतीत द्यावीत. पुस्तकं सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहेत, हक्काचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. यांच्या जोडीला १९३६ ते १९३८ दरम्यान अमेरिकी सरकारनं म्हाताऱ्या झालेल्या माजी गुलामांच्या २,३००हून अधिक मुलाखती लिहून घेतल्या, त्यांतून निवडक घ्याव्यात. त्या नीट पारखून घ्याव्या लागतील, कारण विचारणारे बहुतेक गोरे होते आणि सांगणारे हातचं राखून बोलत होते. भाषांतरकारांना एक विनवणी: या लोकांच्या तोंडी विनोदी नाटकातली गावंढळ बोली घालू नका.

एक पान नाशिकचंही असावं. ब्रिटिश आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपुरात मिशनऱ्यांकडे ठेवली जात. तिथं शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत हिंडणाऱ्या स्कॉटिश प्रवासी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या शोधात तिकडे गेला. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि त्यानं त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. फुल्यांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. शरणपूर रोडवरून मी हजार वेळा गेलो असेन, पण नावाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

त्या ऊसतोड घरातल्या मुलानं जेकब्जचं पुस्तक घरी मागितलं. आजीला वाचून दाखवायचं म्हणाला. मी दिलं. सोमवारी सकाळी शाळेत जाताना त्यानं ते माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. "सर, हे तर इंग्रजीच आहे."

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक जिल्हा