विलापाचीही प्रार्थना होते

प्रिय मित्रा,
प्रभूमध्ये सलाम.

प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असं तू लिहिलंस. मग उसनी स्तुती करू नकोस. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. मंडळीत (चर्चमध्ये) ती कमी वाचली जातात, हे आपलं नुकसान.

13व्या स्तोत्रापासून सुरू कर. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद ‘कोठवर?’ असं चार वेळा विचारतो. ती मोठ्याने वाच आणि तिथे थांबून तुझी तक्रार देवाला नाव घेऊन सांग: दुखणं, पैसा, माणूस, जे असेल ते. 3 आणि 4 मध्ये मागणं आहे. तिथे एकच गोष्ट माग, आजच्यापुरती. 5 आणि 6 मध्ये भरवसा येतो. तो मनात नसेल तर ती वचनं दावीदाच्या तोंडची म्हणून नुसती वाच. बरेच जण तक्रार गिळून थेट सहाव्या वचनावर जातात आणि मग प्रार्थना कोरडी वाटते. उलट काही जण मागण्यापर्यंत पोचतच नाहीत. रोज तीच तक्रार उगाळून ते आणखी थकतात.

तेवढंही जमलं नाही तर 88वं स्तोत्र घे. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. येशूनेही वधस्तंभावर 22व्या स्तोत्राचाच आक्रोश केला: ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कोणी म्हणालं, तर योहान 9:3 वाच: तो माणूस आंधळा जन्मला ते त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नव्हे, असं येशू तिथे म्हणतो. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी (ईयोब 42:7) देवाचा कोप त्यांच्यावरच झाला. रोमकरांस 8:28 (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या होतात) खरंच आहे, पण ताज्या जखमेवर ते फेकून मारायचं वचन नव्हे.

बळ येतं म्हणजे दुखणं जातंच, असं नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (सतत छळणारं दुखणं) काढण्याची तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली (2 करिंथकरांस 12). रोमकरांस 5:3-4 मधला क्रमही बघ: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आशा शेवटी आहे. पहिल्याच आठवड्यात ती सापडली नाही म्हणून घाबरू नकोस.

आणि शरीराला विसरू नकोस. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाच्या होरेब डोंगराची वाट त्यानंतरची (1 राजे 19). तेव्हा औषध, झोप, जेवण चुकवू नकोस. मरणाचे विचार येत असतील तर आजच डॉक्टरांना आणि घरच्यांना सांग. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही.

याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) प्रार्थनेसाठी बोलाव. बोलावणं आजाऱ्याने पाठवायचं, असं तिथे लिहिलंय. आपण गप्प बसतो आणि कोणी आलं नाही म्हणून रुसतो. लांबलचक सांगायची गरज नाही, ‘या आणि प्रार्थना करा’ एवढा निरोप पुरे.

तुझा मित्र