काका, तुम्ही माउसला हातसुद्धा लावला नाहीत

ती. काकांना साष्टांग नमस्कार,

त्या दिवशी आमचा बिघडलेला कॉम्प्युटर मार्गी लावून, चहाचा कप खाली ठेवून "आता आभारबिभार नको हं" म्हणत तुम्ही निघालात, मी मागून पाकीट दिलं तर तेही जिन्यातच परत माझ्या हातात ठेवलंत, पण मला काही चैन पडेना, म्हणून शेवटी हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. आपल्या बिल्डिंगमधल्यांना कळेलच, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हटल्यावर.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. मी सांगलीत घरी बसून मराठी टायपिंगचं काम करते, लग्नपत्रिका, बायोडाटा, वकिलांचे कागद, कधी पीएचडीवाल्यांचे प्रबंध, अकरा वर्षं झाली. लोकांच्या जुन्या फाइली कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि आता सगळ्यांना कुठेही वाचता येणारा युनिकोड लागतो, त्यामुळे एकातून दुसऱ्यात बदलणारा कन्व्हर्टर हवाच. एप्रिलमध्ये लग्नसराईची ऐन गडबड, शनिवारी रात्री बारा वाजता माझा नेहमीचा कन्व्हर्टर चालेना म्हणून दुसरा शोधायला गेले. एका साईटच्या एकाच पानावर चार डाउनलोडची बटणं होती, सगळ्यात मोठं हिरवं होतं ते दाबलं. ते म्हणालं तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा, ते दाबलं. मग इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, मधल्या एका पानावर बारीक अक्षरात दोन चौकटी आधीच टिक करून ठेवल्या होत्या त्या वाचल्याच नाहीत. कन्व्हर्टर चालला, पत्रिका सकाळी गेली, मला वाटलं काम झालं.

सोमवारपासून क्रोम उघडलं की भलतंच पान यायला लागलं, काहीही शोधलं की दुसऱ्याच कुठल्या सर्चवर जायचं, आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर दोन-तीन मिनिटांनी चौकट, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, आत्ता साफ करा, वर एका नावाजलेल्या अँटीव्हायरससारखाच लोगो. टायपिंग करताना ती चौकट वर आली की अक्षरशः छातीत धस्स व्हायचं. बुधवारी दुपारी मी प्रूफं द्यायला बाहेर गेले होते. संध्याकाळी आले तर अण्णा, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले की कॉम्प्युटर बिघडलाय वाटतं, मी बंद करून ठेवलाय. मी दुकानात फोन केला, त्यांनी न बघताच सांगितलं फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. अकरा वर्षांच्या फाइली त्यात! हे पुण्याला, शनिवारशिवाय येत नाहीत. मी जिन्यात फोन हातात घेऊन रडत उभी होते तेव्हा तुम्ही भाजीची पिशवी घेऊन वर चालला होता.

काका, तुम्ही पिशवीसकट आमच्याकडे आलात. पहिलं काम काय केलंत तर मला राउटर बंद करायला लावलात. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि म्हणालात, "माउस तुझ्याच हातात राहू दे, मी केलं तर परत झालं की परत मला शोधत फिरशील." अडीच तास तुम्ही बसला होता आणि एकदासुद्धा माउसला हात लावला नाहीत. मी चुकीच्या ठिकाणी गेले तरी नुसते थांबायचात. माझ्या आयुष्यात मला कुणी काही असं शिकवलेलं नाही, खरंच सांगते.

कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावायला सांगितलंत. शनिवारच्या तारखेचे कन्व्हर्टर धरून तीन प्रोग्रॅम, त्यातली दोन नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि सगळ्यात वर, त्याच दिवसाच्या तारखेचं, एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम. मी म्हटलं हे मी नाही टाकलं. अण्णा दिवाणावर पेपर वाचत होते, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता. तुम्ही त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीत, स्क्रीनकडेच बघत साध्या आवाजात बोललात, "अण्णा, माझ्या मेव्हण्याकडनं असंच टाकून घेतलं होतं एका फोनवाल्यानं, बँकेत होता तो तीस वर्षं." बस, एवढंच. अण्णांनी पेपरची घडी घातली आणि सगळं सांगितलं.

दुपारी ते पंचांग बघत होते, एकदम सगळी स्क्रीन निळी झाली, सायरन वाजायला लागला, इंग्रजीत एक बाई बोलायला लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची माहिती चोरीला जातेय, आणि मधोमध एक फोन नंबर. ते घाबरले. सुनेचं सगळं काम याच्यात आहे, आपल्या हातून काही झालं तर, या एका विचाराने त्यांनी नंबर लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र, "सर, सर" करत हिंदीत बोलणारा, मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणाला. त्याने एनीडेस्क टाकून घेतलं, त्यात दिसणारा नंबर विचारला, ॲक्सेप्ट दाबायला लावलं आणि मग कॉम्प्युटर तोच चालवायला लागला. इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, म्हणे हे बघा एवढे व्हायरस. अण्णांनी मोबाइलवरून ४,९९९ रुपये भरले. तो म्हणाला उद्या आमचे सीनियर फोन करतील, पासबुक जवळ ठेवा.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी लिहीत नाही. पण तुम्ही "असं कसं केलंत" म्हणाला असतात, किंवा नुसतं कपाळाला हात लावला असतात, तरी अण्णा पुढचं, म्हणजे पैशाचं आणि उद्याच्या फोनचं, कधीच बोलले नसते. ते मला त्या रात्री स्वतः म्हणाले. तुमच्या जागी मी असते तर ओरडले असते, काका, हे मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते, आणि मग दुसऱ्या दिवशी सीनियरचा फोन आला असता, घरात मी नसते, आणि अण्णांच्या पेन्शनच्या खात्याचं काय झालं असतं याचा विचारच करवत नाही.

तुम्ही लगेच म्हणालात, कॉम्प्युटर कुठं पळून जात नाही, आधी पैशाचं बघू. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन अण्णांच्याच हातून लावलात. तिथल्या लोकांनी विचारलं ते व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, बँक, ते सगळं यूपीआयच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतं, हे मला तेव्हा कळलं. तक्रारीचा नंबर मिळाला, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर माझ्या मोबाइलवरून बाकीचं भरलं. पिन आणि पासवर्डही मोबाइलवरूनच बदलले, त्या कॉम्प्युटरवरून नाही, आणि अण्णांच्या मोबाइलवर त्या माणसाने काही टाकायला लावलंय का तेही बघितलंत. ४,९९९ अजून परत आलेले नाहीत, बँकेत जाणं चालू आहे. पण खात्यातला पुढचा एक रुपया गेला नाही.

आणि इव्हेंट व्ह्यूअर! मला वाटतं अण्णांच्या मनावरचं ओझं खरं उतरलं ते तिथे. तुम्ही वर जाऊन तुमचा स्वतःचा लॅपटॉप आणलात, त्याच्यावर तीच यादी उघडलीत, त्यातही तसेच लाल गोल आणि पिवळे त्रिकोण. विंडोज चालू असलं की अशा छोट्यामोठ्या नोंदी होतच राहतात, कुठली सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला, कुठला प्रोग्रॅम अडखळला, चांगल्या कॉम्प्युटरवरही. अण्णा चष्मा लावून कितीतरी वेळ दोन्ही याद्या बघत होते. मग तुम्ही मीरा रोडचं सांगितलंत, २०१६ साली ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरवर धाडी टाकल्या, तिथून पोरं अमेरिकेतल्या लोकांना टॅक्स खात्यातून बोलतोय म्हणून घाबरवायची, आणि शिकलेसवरलेले अमेरिकन पैसे भरायचे. २०२३ मध्ये तर सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून अशा टेक सपोर्टच्या टोळ्यांवर देशभर छापे घातले. हा अख्खा धंदा आहे, अण्णा, रोज आठ तास हेच करणारी माणसं आहेत त्यांच्याकडे, तुम्ही एकटे होतात, असं म्हणालात.

आता साफसफाईचं. पहिल्यांदा माझ्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करायला लावल्यात, मग एनीडेस्क आणि ते तीनही प्रोग्रॅम काढले. एकाने काढताना उलटसुलट प्रश्न विचारला, मोठ्या बटणावर "ठेवा" आणि कोपऱ्यात बारीक "तरीही काढा", तुम्ही म्हणालात घाई नको, वाच. मग क्रोमचे एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, त्यातल्या एकाचं रिमूव्हचं बटणच चालेना, कारण ते सांगत होतं की हा ब्राउजर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो. माझी कसली संस्था! ॲडवेअर, म्हणजे नको त्या जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर, असं करतं, स्वतःला ऑफिसच्या नियमाच्या नावाखाली बसवतं, हे तुमच्याकडून कळलं. तुमच्या पेनड्राइव्हवरचं ॲडवक्लीनर चालवलं, मालवेअरबाइट्सचं, फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही, त्यातला क्रोमच्या पॉलिसी पुसायचा पर्याय चालू केला, तेव्हा ते निघालं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलंय ते क्रोमचं आयकॉन. भलतं पान उघडायचं काही थांबेना, तेव्हा तुम्ही डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायला सांगितलंत. टार्गेटच्या ओळीत शेवटपर्यंत बाणाने जा म्हणालात, गेले तर क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे एक जागा सोडून त्या साईटचा पत्ता चिकटवलेला! म्हणजे आयकॉन दाबला की दर वेळी तेच उघडणार. तेवढा पत्ता खोडला, अवतरणचिन्ह तसंच ठेवलं, ओके केलं, आणि क्रोम कोरं उघडलं. मला किती आनंद झाला काय सांगू.

कोपऱ्यातल्या चौकटी तर व्हायरसच नव्हत्या, माझ्याच त्या अलाऊने आलेल्या. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे यादीत ती साईट आणि आणखी पाच-सहा, सगळ्या काढल्या आणि यापुढे कुठल्याच साईटने विचारू नये असं करून टाकलं. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, डिफेंडरचं, ऑफलाइन स्कॅन लावलं, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि विंडोज उघडायच्या आधी तपासतो, पंधराएक मिनिटं, तेवढ्यात तुम्ही चहा घेतलात. मग विंडोजच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमधल्या रेप्युटेशनवाल्या प्रोटेक्शनमध्ये जाऊन नको असलेली ॲप अडवायचं बटण चालू केलं. परत काही संशयास्पद दिसलं तर मात्र विंडोज नव्यानेच टाकू, परक्या माणसाने आत येऊन बघितलेला कॉम्प्युटर आहे, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, उगाच खोटा धीर दिला नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक एक्स्टेन्शन परत आलं तेव्हा मी घाबरून वर आले. तुम्ही विचारलंत, दुसरा लॅपटॉप आहे का त्याच गूगल अकाउंटवर? होता, माळ्यावरचा जुना, मुलगी अभ्यासाला घेते तो. सिंक, म्हणजे एकाच अकाउंटवरची सगळी क्रोम सारखी ठेवायची सोय, चालू असल्यामुळे तिकडचं इकडे येत होतं. तिथलंही काढलं, तेव्हापासून आजपर्यंत काही नाही.

आणि त्या निळ्या पानाचं तुम्ही अण्णांना शिकवलंत ना, ते त्यांनी मोठ्या अक्षरात वहीत उतरवून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलंय. हे नुसतं वेब पान आहे. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट एफ-फोर. तरी नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, आणि क्रोम एंड टास्क. परत उघडल्यावर रिस्टोर दाबू नका. कळत नसेल तर सरळ बटण बंद करा, काही बिघडत नाही. शेवटी लाल शाईत १९३०.

गुरुवारी साडेअकराला तो सीनियरचा फोन आलाच, काका. मी तिथेच होते, फोन घ्यायला हात पुढे केला तर अण्णांनी मला खुणेने थांबवलं. पलीकडचं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "माझी तक्रार नोंदवून झालीये, नंबर सांगू का?" फोन लगेच कट झाला.

तुमचा पेनड्राइव्ह अजून आमच्याकडेच राहिलाय, माझ्या कीबोर्डशेजारच्या डबीत जपून ठेवलाय. मी कालच आणून देणार होते, पण अण्णा नको म्हणाले. गुडघे दुखतात, दोन वर्षांत ते पहिल्या मजल्याच्या वर चढलेले नाहीत, पण हा मीच नेऊन देणार म्हणतात. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही येतो, सावकाश, थांबत थांबत. घरी राहा.

तुमची,
तळमजल्यावरची टायपिंगवाली