दोन कपाटांतली दोन पुस्तकं

ताई,

स. न. वि. वि.

ग्रंथालयात तुमच्या देवघेवीच्या टेबलापाशी उभं राहून दोन शब्दांत मानावेत असे हे आभार नाहीत, म्हणून पत्र लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते हातकामातून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

माझ्या हातात चार पुस्तकं होती. मेणबत्त्या, साबण, मॅक्रमे म्हणजे दोऱ्याच्या गाठींचं विणकाम, आणि कागदी फुलं. नोकरी सुटून तीन महिने झाले होते. चारांपैकी एखादं तरी आपल्याला उभं करील, या आशेने मी ती उचलली होती. तुम्ही शिक्का मारायच्या आधी विचारलंत, "सध्या हाताने काय करता?" विशेष काही नाही, मी म्हटलं, मुलांच्या वह्यांची पानं सुटली की शिवून देते. मग तुम्ही साबणाच्या पुस्तकातलं एक पान उघडून दाखवलंत. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. वड्या पाडल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्यायच्या. "विकायला पहिली वडी दीड महिन्याने मिळेल. तेवढं थांबता येईल का?" साबणाला तुम्ही नावं ठेवली नाहीत. फक्त मला माझी परिस्थिती त्या पानाशेजारी ठेवून बघायला लावलीत. तोवर असं पुस्तक वाचायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी चित्रं बघत होते.

मग तुम्ही उठलात आणि हाताने वह्या-पुस्तकं बांधायचं पुस्तक आणलंत. मी निघाले, तर म्हणालात, थांबा, अजून एक आहे. त्यासाठी तुम्ही दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलात.

ते अंतर माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावण्याच्या ड्युई दशांश पद्धतीत पुस्तकबांधणी 686 मध्ये, हस्तकला 745 मध्ये आणि धंद्याचं व्यवस्थापन 658 मध्ये. हाताचं ज्ञान एका कपाटात, हिशेबाचं दुसऱ्या. वाचक एका कपाटापाशी थांबतो आणि तिथूनच घरी जातो. हस्तकलेच्या धंद्याला 745.5068 असा लांबलचक क्रमांक आहे, हे तुमच्यामुळे कळलं. त्या क्रमांकाचं एकच पुस्तक तुमच्याकडे होतं, तुम्ही दुसऱ्या टोकाहून आणलंत तेच, आणि मागच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत तारीख पडलेली नव्हती. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांपैकी एक, हे मी पुढे कधीतरी वाचलं. तुम्ही नियमाचं नावही काढलं नव्हतं. "दोन्ही एकदमच वाचा, एक झाल्यावर दुसरं नको," एवढंच म्हणालात.

तरीही मी आधी बांधणीचंच वाचलं, आणि ते वाचण्यात मात्र काहीही वाया गेलं नाही. पहिला धडा चार ताव एकात एक दुमडून सोळा पानांचं जुज, म्हणजे शिवायचा एक जुडगा, करण्याचा. घडीवर समान अंतरावर टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा घ्यायचा आणि एक जुज दुसऱ्याला साखळीच्या टाक्याने जोडत जायचं. या टाक्याला कॉप्टिक म्हणतात, इजिप्तमधल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या पोथ्यांवरून. इंग्लंडमधलं सेंट कथबर्ट गॉस्पेल नावाचं छोटं हस्तलिखित याच तऱ्हेच्या टाक्याने शिवलेलं आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं ते पुस्तक आजही मूळ बांधणीत शाबूत आहे. साध्या दोऱ्याने तेराशे वर्षं धरून ठेवलेली पानं! हे वाचल्यावर मी आधी शिवलेली वही उसवली आणि पुन्हा शिवली, टाके अधिक सारखे ओढून.

पुठ्ठ्याच्या वह्यांनी मला रडवलं. पहिल्याच मागणीच्या दहा वह्या रात्री खळ लावून ठेवल्या आणि सकाळी बघते तर दहाही पुठ्ठे पन्हळीसारखे वाकलेले. पुस्तकात त्याचं उत्तर होतं, पण ते मी घाईत ओलांडून गेले होते. कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झुकलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की कागद या दिशेला आडवा फुगतो आणि वाळताना आक्रसतो. म्हणून पानं, पुठ्ठा आणि वरचा कागद या सगळ्यांचं ग्रेन वहीच्या कण्याला समांतर हवं. ओळखायची रीतही सोपी आहे. ताव हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघायचा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, तिथे घडी ग्रेनच्या दिशेने पडत असते. जिथे तळहाताला अडतो, तिथे ती ग्रेनला आडवी. आता कुठलाही नवा कागद हातात आला की माझे तळवे आपोआप हे करतात. चांगल्या हस्तकलेच्या पुस्तकाची माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे, की चुकलं तर का चुकलं हे त्यात लिहिलेलं आहे का. नुसते सुंदर फोटो असतील तर मी ते परत ठेवते.

दुसरं पुस्तक मी अखेर उघडलं ते त्या दहा वह्यांचं नुकसान सोसल्यावर. खरं सांगते ताई, माझं आयुष्य बदललं ते त्या पुस्तकाने. त्यात सांगितल्याप्रमाणे मी घड्याळ लावून बसले. कागद कापणं, दुमडणं, भोकं, शिवण, पुठ्ठा, कापड, पोस्तीन, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला कागद, चिकटवणं, सगळं मिळून एका वहीला दोन तास पन्नास मिनिटं. तोवर मी वहीची किंमत म्हणजे साहित्याचा खर्च आणि वर थोडंसं, अशी धरत होते. म्हणजे ते जवळजवळ तीन तास मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट देत होते आणि वर समजत होते की धंदा चाललाय. साहित्य, वेळेची मजुरी, वरखर्चाचा वाटा, त्यावर नफा, ही झाली घाऊक किंमत. किरकोळ किंमत साधारण तिच्या दुप्पट. हे दुप्पट मला आधी लबाडी वाटली. मग कळलं, की मी थेट गिऱ्हाइकाला घाऊक भावात विकत राहिले तर कुठल्याच दुकानदाराला माझ्याकडून माल घेणं परवडणार नाही. आणि थेट विकते तेव्हा दुकानदाराचं काम, म्हणजे मांडणं, बोलणं, बांधून देणं, पैसे सांभाळणं, ते मीच करत असते. तेही कामच आहे.

वेळ लिहायला लागल्यावर वेळ वाचवायचंही सुचलं. एकेक वही पुरी करण्याऐवजी बारा वह्यांचं एकेक काम एकदम करते. आधी सगळी कापणी, मग सगळ्या घड्या. आता वहीमागे सव्वा तास लागतो. टाके तितकेच आहेत.

तुम्ही आणखी एका गोष्टीपासून मला वाचवलंत. बांधणीच्या पुस्तकातली एक वेलबुट्टी मी वरच्या कागदावर जशीच्या तशी उतरवून विकायला काढली होती आणि आनंदाने तुम्हाला दाखवायला आणली होती. तुम्ही पुस्तकाचं दुसरं पान उघडलंत, जे मी कधीच वाचलं नव्हतं. शिवायची पद्धत कुणा एकाच्या मालकीची नाही, पण पुस्तकातलं चित्र काढणाऱ्याचं असतं आणि ते विकायला त्याची परवानगी लागते. ओरडला नाहीत. "स्वतःची बुट्टी काढा, वेडीवाकडी आली तरी चालेल," म्हणालात. ती मी काढली. आज लोक माझी वही त्या बुट्टीवरून ओळखतात.

एका दुकानाने माल जांगड, म्हणजे विकला गेला तरच पैसे या बोलीवर, ठेवून घेतला आणि महिनोन्‌महिने ना पैसे दिले ना वह्या परत केल्या, तेव्हाही मी तुमच्याकडेच आले होते. लेखी काय आहे, विचारलंत. काहीच नव्हतं. त्याच पुस्तकातलं जांगड मालाच्या कराराचं प्रकरण तुम्ही मला तिथेच बसवून वाचायला लावलंत: किती नग, दुकानाचा वाटा किती, हिशेब दर किती दिवसांनी, खराब झालेल्या मालाची जबाबदारी कुणाची. त्या वह्या गेल्या त्या गेल्याच. नंतरची एकही गेलेली नाही.

ही प्रकरणं जुनी होत नाहीत. ऑनलाइन विक्रीची आणि कराची होतात. म्हणून प्रकाशनाचं वर्ष बघून ती भरवशाची धरायची की नाही ते ठरवा, हेही तुम्हीच शिकवलंत. मी ते पुढे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते आणि दोन्ही कपाटांपर्यंत नेऊन सोडते.

ताई, परवा ते 745.5068 पुन्हा नेलं तेव्हा पाहिलं, तिसऱ्या प्रकरणापाशी त्याचा कणा उसवला आहे. चिठ्ठीवर आता तारखांना जागा उरलेली नाही आणि एवढे हात लागल्यावर गोंदाची बांधणी टिकणार नाही. मुदत संपेपर्यंत ते माझ्याकडेच राहू द्या. सुटी पानं कागदाच्या पट्टीने जोडीजोडीने सांधून जुजं करते, नीट शिवते, कण्याला नवीन कापड लावते. खळ रात्रभर वजनाखाली वाळावी लागते, तेव्हा शनिवारी दुपारी घेऊन येईन. मागची चिठ्ठी तेवढी कोरी काढून ठेवा.

तुमची,
एक वाचक