तळ्यात की मळ्यात

नाशिक,
रविवार

प्रिय वैशाली,

तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग राहवेना म्हणून हे पत्र. ओजस दुसरीत, अक्षर गिचमिड, वर्गात चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून त्याचा संध्याकाळचा खेळ बंद करून क्लास? अगं, थांब जरा.

परवा बालवाडीत तळ्यात-मळ्यात घेतलं. अंगणात चुन्याची रेघ. मी ‘मळ्यात, तळ्यात, तळ्यात!’ म्हटलं आणि दुसऱ्या ‘तळ्यात’ला निम्मी पोरं उडी मारून बाद. एक चिमुरडी मात्र ओठ चावून, हात पाठीमागे घट्ट धरून उभी. उडी पार गुडघ्यापर्यंत आली होती, तिनं तिथेच अडवली. ओजसला वर्गात नेमकं हेच जमत नाहीये ना? मनात आलेलं लगेच न करणं, बाईंचं वाक्य पुरं होईस्तोवर थांबणं.

हा माझा बालवाडीछाप सिद्धांत नाही बरं. मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली असतो तो लहान मेंदू, तोल आणि हालचाली सांभाळणारा. कपाळामागचा भाग मनाला लगाम घालतो. काहीतरी नवं किंवा अवघड करताना हे दोन्ही भाग बरोबरीने कामाला लागतात, असं अ‍ॅडेल डायमंड या संशोधिकेनं २००० सालीच मांडलं होतं. पुढे अमेरिकेत इलिनॉयमध्ये ७ ते ९ वर्षांची २२१ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नऊ महिने शाळा सुटल्यावर भरपूर पळापळीचे खेळ, दुसरा गट प्रतीक्षायादीत. २०१४ मध्ये निकाल छापून आले: खेळणाऱ्या गटाचं लक्ष विचलित न होऊ देणं आणि एका नियमावरून दुसऱ्यावर वळणं जास्त सुधारलं. म्हणून खेळला की गणितात पैकीच्या पैकी, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याचाही क्लास असणार!

आठवतं, ओजस चालायला लागला तेव्हा तू ‘सारखा धडपडतो’ म्हणून रडकुंडीला आली होतीस? त्या वयाच्या मुलांची पावलं मोजलीत कुणीतरी: तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तेव्हा नाही ना त्याला बसवून ठेवलंस?

जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी म्हणते. तुमच्या सोसायटीत ‘बॉल खेळू नये’ची पाटी आहे, माहीत आहे मला. मग गच्चीवर लंगडी घाल त्याच्याबरोबर. तुझे गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

अक्षराचं म्हणशील तर सोबत पाच सागरगोटे पाठवतेय. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. नजर वर ठेवायची की खाली, यातच पहिले चार दिवस जातील. नंतर बोटं ऐकायला लागतात. आईचे आहेत हं, हरवू नकोस. आणि मागच्या वेळेसारखी रडी खेळू नकोस पोरासमोर.

तुझी,
मीना