फुली मारण्याआधीचा प्रश्न

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

शिक्षण परिषदेत तुम्ही फळ्यावर एकच गणित लिहिलंत, ५२ − १७ = ४५, आणि विचारलंत, "चूक आहे हे सगळ्यांना दिसतंय. पण पोराने केलंय काय?" हे आभाराचं पत्र त्या प्रश्नासाठी. तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून.

पोराने सातातून दोन काढले आणि पाचातून एक. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे पहिलीत आपणच सांगितलेलं, ते तो इमानाने पाळतोय. खात्री करायला तुम्ही तीन गणितं दिलीत: ६४ − २८, ४०  − १८, ६८ − २५. उत्तरं ४४, ३८, ४३ आली की रोग ओळखला. यातलं शेवटचं बरोबर येतं, कारण तिथे दशक मोडून हातचा घ्यावाच लागत नाही. म्हणूनच वरवर चाळणाऱ्याला वाटतं, पोरगं धांदरट आहे, कधी जमतं कधी नाही. मधलं शून्याचं गणित मुद्दाम ठेवलेलं. तिथे ३८ च्या जागी ३० आलं, तर गोंधळ दुसराच: "शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य." या दोन पोरांना एकच उपाय चालत नाही.

पहिल्यासाठी काड्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातून सतरा दे." सात सुट्या द्यायला गेल्यावर तो अडतो, रबर काढून एक गठ्ठा सोडतो, हातात बारा सुट्या येतात. ती अडण्याची वेळ त्याची त्याला येऊ द्यायची. आपण घाईने गठ्ठा सोडून दिला की सगळं वाया. "बरोबर उत्तर पाच वेळा लिही" याने तर काहीच होत नाही. ३५ पाच वेळा लिहून होतं आणि पुढच्या पानावर पुन्हा तीच चूक.

संख्यांच्या नावांचंही तसंच. 'पंचवीस' ऐकताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. पोर ऐकल्या क्रमाने ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये 'तीस' ऐकू येतं, म्हणून ३९. एकतीस, बत्तीस, अडतीस हे सगळे तिशीतलेच, मग यानेच काय पाप केलं? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस पाच' अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी दुसरीच्या श्रुतलेखनाची एक वही उघडून पाहायला हवी होती.

शाब्दिक उदाहरणांत दोष बहुतेक आपलाच. "राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ५ जास्त आहेत. मीनाकडे किती?" हवं ७, पोर लिहितं १७. कारण 'जास्त' दिसलं की बेरीज, ही युक्ती आपण शिकवलेली. निम्म्या वर्गाने १७ लिहिले, तर एकेका पोराला बोलावण्यात अर्थ नाही, पाठच पुन्हा घ्यावा लागतो.

भाषेच्या वहीत तर आपण जास्तच चुकतो. "मना भाऊ नाशिकले गया" या वाक्यावर 'हिंदी मिसळू नये' असा शेरा मारला जातो, पण ती अहिराणी आहे, आणि वाक्य तिच्या नियमाने चोख आहे. विदर्भातलं "मी जेवून राहिलो" म्हणजे 'जेवतो आहे'; जेवण उरकून बसलेला कुणी नाही. तुमची रीत अशी: पोराचं वाक्य खोडायचं नाही, त्याखाली "पुस्तकात हे असं लिहितात" म्हणून दुसरं लिहायचं आणि दोन्ही मोठ्याने वाचून घ्यायची.

प्रश्न कसा विचारायचा तेही तुमच्याकडूनच कळलं. "का चुकलं?" म्हटलं की पोर रबर शोधतं. "बोलत बोलत करून दाखव" म्हटलं की सांगू लागतं. वही त्याच्याकडे तोंड करून, पेन्सिल त्याच्याच हातात, बाकीचा वर्ग कामात असताना तीन मिनिटं. त्याचे शब्द जसेच्या तसे टाचणवहीत. लाल शाईऐवजी समासात पेन्सिलीचा ठिपका. (तपासणीला आलेल्या साहेबांना ठिपके दिसत नाहीत, लाल शाई दिसते. त्यावर अजून तोड सापडलेली नाही.)

आणि 'माझे घर' या निबंधात घरच्या मारहाणीचं एखादं वाक्य आलं तर? तिथे शुद्धलेखन तपासायचं नाही, शिक्षकखोलीत वही फिरवायची नाही. एकांतात "याबद्दल मला सांगशील?" एवढाच मोकळा प्रश्न, "बाबांनीच ना?" असं उत्तर तोंडात घालायचं नाही, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. घरच्या बोलीतल्या शब्दाचा अर्थ आपण चुकीचा लावला असेल, तर तो इथेच उलगडतो. नसेल, तर मुख्याध्यापक आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर खोदून विचारत बसायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

चाळीस पोरांच्या वर्गात हे बसवायचं कसं, यावर तुम्ही म्हणालात, रोज पाचच वह्या अशा वाचा. शाळेच्या आठ दिवसांत वर्ग पुरा होतो. सध्या तेच चालू आहे.

आपले,
केंद्रातले तिसरी-चौथीचे शिक्षक