लाँड्रीवाल्यांकडं तारण कशाला मागता?

मा. संपादक,
आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागात परीट समाजाची बरीच घरं अजून इस्त्रीवरच चालतात, कोळशाची जड इस्त्री दिवसभर ओढून खांदा कामातनं जातो, आणि पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, गिऱ्हाईक ओरडतंय, म्हणून भावानं ड्रायरसाठी बँक गाठली तर साहेब म्हणाले घराचा उतारा आणा, जामीनदार आणा. अहो, छोट्या धंद्यांसाठीचं केंद्र सरकारचं मुद्रा लोन 10 लाखांपर्यंत विनातारण आहे! कारागिरांसाठीच्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत तर परिटांचा धंदा नावानिशी घेतलाय, पहिलं कर्ज 1 लाख, व्याज 5 टक्के. वर फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजी, मराठी शाळेत शिकलेल्यानं भरायचा कसा? निदान बँकेच्या दारात मराठीत माहितीचा बोर्ड लावा आणि अर्ज नाकारलात तर कारण लेखी द्या.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव