रेल्वेच्या डब्यातल्या वासाविषयी मित्रास पत्र

परभणी,
१८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोहोचल्याचे फोनवर कळवले होतेच. परंतु प्रवासाचा विषय निघताच तू जे बोललास ते चार दिवस मनात घोळत राहिले, म्हणून हे पत्र लिहितो आहे. डब्यात घाण वास येतो तो आपल्याच लोकांच्या सवयींमुळे, आणि मराठवाड्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो अंमळ जास्तच येतो, असे तुझे म्हणणे. मी त्या वेळी हो ला हो मिळवला. आता लिहायला बसल्यावर मात्र तसे म्हणवत नाही.

माझा बर्थ शौचालयाच्या भिंतीला अगदी लागून होता. गाडी सुटली तेव्हा फिनेलचा वास येत होता आणि तो बराही वाटत होता. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडली जाईपर्यंत तो विरून गेला आणि मनमाडच्या पुढे तर बायका नाकाला पदर लावून, पुरुष रुमाल धरून बसलेले दिसू लागले. दोन्ही शौचालयांच्या मधल्या जागेत एक कुटुंब चटई अंथरून झोपले होते. कामाच्या हंगामानंतर गावी परतणारी माणसे असावीत. त्यांना पाहून एक गृहस्थ काहीतरी पुटपुटले, तेव्हा त्यातली बाई शांतपणे म्हणाली, “आम्हालाबी वास येतोय की दादा, पण जागा इथंच भेटली.” गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत; मीही खिडकीकडे तोंड फिरवले.

डब्यात माणसांचा वास असतोच. बुटातले मोजे, कुणाच्या शिदोरीतला कांदा नि ठेचा, उन्हाळ्याचा घाम, हे सारे त्यात आले. पण खिडकी उघडली आणि वारे आत आले की ते सुसह्य होते. ज्याने झोप उडते तो वास निराळा. पूर्वी मैला सरळ रुळांवर पडत असे. आता डब्याखाली जैव-शौचालयाची टाकी असते, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू त्या टाकीत मैल्याचे पाणी नि वायू करतात. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या मदतीने विकसित झालेली ही व्यवस्था मुळात चांगली आहे. शौचाच्या भांड्याखालच्या नळीच्या वळणात साचलेले पाणी वायूला वर येऊ देत नाही. तिथे कुणी बाटली, गुटख्याची पुडी किंवा पॅड टाकले की नळी तुंबते. एवढ्यापुरते तुझे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण डब्यातले पाणीच संपले तर भांडे धुतले जात नाही, वळणातले पाणीही टिकत नाही, आणि मग कितीही सभ्य माणूस आत गेला तरी वास बाहेर येणारच.

आणि त्या रात्री पाणी संपलेच होते. सन २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणले ते याच रेल्वेने. पहिल्या खेपेलाच पाच लाख लिटर. त्याच रेल्वेच्या डब्यात, मराठवाड्याच्या हद्दीत शिरताना, हात धुण्यापुरते पाणी नसावे याचे हसू यावे की रडू, ते मला त्या वेळी कळले नाही.

मी रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार केली. तासाभराने विशीतला एक मुलगा बादली नि पोछा घेऊन आला. त्याने नळ फिरवून दाखवला आणि म्हणाला, “साहेब, टाकीतच पाणी नाही, मी टाकू काय?” स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतून त्याने जमेल तेवढे पुसले. तो जाताच मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचे निराकरण झाले आहे. मत विचारले होते. ‘असमाधानकारक’ यावर बोट ठेवता ठेवता मी थबकलो, कारण ते मत बहुधा त्याच पोराच्या नावावर मांडले जाणार होते.

अशा वेळी मला बंगालचे ओखिल चंद्र सेन आठवतात. सन १९०९ मध्ये अहमदपूर स्थानकावर (आपले लातूरकडचे नव्हे, तिकडचे) फणस खाऊन पोट बिघडलेले हे गृहस्थ गाडीतून उतरून शौचास गेले, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा नि दुसऱ्या हातात धोतर धरून पळताना ते फलाटावरच्या बायाबापड्यांसमोर पडले, आणि गाडी निघून गेली. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला पत्र धाडले. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली ती त्या पत्रामुळे, असे सांगतात. गार्डला मोठा दंड करा, अशीही त्यांची मागणी होती. तिथे माझे नि त्यांचे जमत नाही.

म्हणून काल मी पुन्हा सविस्तर लिहिले. डब्याचा क्रमांक, नळ कोरडा पडल्याची वेळ, त्यानंतर गाडी कोणकोणत्या मोठ्या स्थानकांवर थांबली आणि कुठेच पाणी कसे भरले गेले नाही, हे सारे मांडले. सफाईच्या मुलाचा काही दोष नव्हता, हेही शेवटी स्वतंत्र ओळीत लिहिले. उत्तर अजून आलेले नाही.

ज्येष्ठात तू इकडे येणारच आहेस. गाडीत बसल्यावर आधी नळ फिरवून पाहा आणि मनमाडला पुन्हा एकदा पाहा, म्हणजे पुढच्या पत्रात आपल्याला नीट भांडता येईल. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र